गादी आहे, जहागीर नाही: गोव्याच्या पॅट्रिआर्कपदाची कुळकथा

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही वसईच्या तुमच्या धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) स्मरणिकेचं काम करताय. जुने कागद चाळताना आजोबांच्या काळातल्या एका पत्रावर ‘दमणचे बिशप, क्रांगानोरचे आर्चबिशप’ असा उल्लेख सापडला. दुसऱ्या एका कागदावर गोव्याच्या आर्चबिशपांच्या नावापुढे ‘पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क’ असं लिहिलेलं दिसलं (पॅट्रिआर्क म्हणजे आर्चबिशपांहून वरच्या मानाचं पद). तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. पॅट्रिआर्क म्हणजे भारतातल्या सगळ्या कॅथलिकांचे प्रमुख का? केरळातल्या गावाचे आर्चबिशप दमणमध्ये काय करत होते? आणि स्मरणिकेत हे सगळं कसं छापायचं?

माझं आयुष्य चर्चच्या दफ्तरात गेलं. वाळवी लागलेली बाप्तिस्म्याची पुस्तकं, पोर्तुगीज आणि लॅटिन पत्रव्यवहार, धर्मप्रांतांच्या सरहद्दीचे वाद हे माझं रोजचं काम होतं. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: नाही. गोव्याचे आर्चबिशप भारतातल्या सगळ्या कॅथलिकांचे प्रमुख नाहीत, आणि पॅट्रिआर्क म्हणून ते कधी नव्हतेही. त्यांची पॅट्रिआर्क ही पदवी सन्मानाची आहे, तिला अधिकाराची जोड नाही. पण एवढ्यावर थांबलो तर तुमच्या हाती काहीच लागणार नाही, कारण खरी गोष्ट ही पदवी दिली का गेली यात आहे.

आपल्याकडचं एक उदाहरण घ्या. वतनं खालसा झाली, सारा वसूल करायचा हक्क गेला, पण देशमुख, देशपांडे, सरदेसाई ही आडनावं दारावरच्या पाटीवर राहिली. गोव्याच्या आर्चबिशपांच्या नावामागची बिरुदावली तशीच वाचायची. गोवा आणि दमणचे आर्चबिशप, क्रांगानोरचे आर्चबिशप, पूर्वेचे प्रायमेट, पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क. यातलं पहिलं नाव खरं काम सांगतं. बाकीची कुठलं वतन कधी होतं आणि कधी गेलं ते सांगतात.

वतन होतं तेव्हा ते अफाट होतं. गोव्याचा धर्मप्रांत १५३३-३४ मध्ये स्थापन झाला. कागदोपत्री त्याची हद्द आफ्रिकेच्या दक्षिण टोकाच्या केप ऑफ गुड होपपासून चीनपर्यंत होती. एका बिशपच्या पदरात एवढा मुलूख! जुवांव द आल्बुकेर्क हे फ्रान्सिस्कन साधू १५३८ मध्ये इथे येऊन राहिलेले पहिले बिशप. १५५८ मध्ये पोप पॉल चौथे यांनी गोव्याला महाधर्मप्रांत केलं आणि कोचीन व मलाक्का हे दोन धर्मप्रांत त्याच्या हाताखाली दिले. पुढे मकाव आणि जपानसुद्धा याच साखळीत आले. १५७२ मध्ये ग्रेगरी तेरावे यांनी गोव्याच्या आर्चबिशपांना ‘पूर्वेचे प्रायमेट’, म्हणजे तिथल्या बिशपांत पहिल्या मानाचे, म्हटलं. ही बिरुदावलीतली सगळ्यात जुनी पदवी, आणि ती मिळाली तेव्हा तिच्यात दम होता. हे आर्चबिशप राज्यकारभारातही शिरत. आलेइशो द मेनेझिस यांनी १५९९ मध्ये केरळात उदयंपेरूरची धर्मसभा भरवून तिथल्या सेंट थॉमस ख्रिस्ती समाजाला लॅटिन शिस्तीत आणायची जबरदस्ती केली. पुढे १६०७ ते १६०९ या काळात तेच गोव्याचे गव्हर्नरही होते.

या सगळ्याच्या मुळाशी होतं ‘पाद्रोआदो’. हा शब्द समजला की निम्मं काम झालं. पोपने पोर्तुगालच्या राजाला दिलेला तो आश्रयदात्याचा हक्क होता. राजाने नव्या मुलखात चर्च बांधायची, धर्मगुरूंचा खर्च उचलायचा, त्यांना जहाजातून पाठवायचं, आणि त्याच्या बदल्यात बिशपपदासाठी नावं सुचवायची. म्हणजे आपल्याकडे देवस्थानाला इनाम देणाऱ्या घराण्याचा पूजेच्या मानात हक्क असतो, साधारण तसं. अडचण अशी की राजाची जहाजं जिथे पोचत नव्हती आणि त्याचे किल्ले जिथे पडत होते, तिथेही तो हा हक्क सांगत राहिला.

रोमच्या ते लवकरच लक्षात आलं. १६२२ मध्ये पोपने धर्मप्रसारासाठी एक स्वतंत्र खातं काढलं. त्याचं लॅटिन नाव ‘प्रोपगांडा फिदे’. आपण आज निवडणुकीच्या काळात ‘प्रोपगंडा’ म्हणून जो शब्द वापरतो, तो याच खात्याच्या नावातून जगभर गेला. हे खातं राजाला न विचारता आपली माणसं पाठवू लागलं. पण कायद्याने नवा धर्मप्रांत काढायचा तर राजाचा हक्क आडवा येई. मग रोमने एक पळवाट काढली, आणि इथेच ‘नामधारी’ पदाची गंमत सुरू होते.

कॅथलिक परंपरेत बिशप म्हटला की त्याच्या नावावर एक धर्मपीठ हवंच, हवेत बिशप करता येत नाही. मग उत्तर आफ्रिका, सीरिया, आशिया मायनर इथले शेकडो जुने धर्मप्रांत, जिथे आता ख्रिस्ती वस्ती उरलेलीच नाही, त्यांची नावं कामाला आली. नव्या माणसाला अशा एखाद्या ओसाड पीठाचा बिशप करायचं, आणि प्रत्यक्षात पोपचा प्रतिनिधी म्हणून भारतात धाडायचं. त्याला ‘व्हिकर अपोस्टोलिक’ म्हणत. धर्मप्रांत काढला नाही, त्यामुळे राजाचा हक्क मोडला नाही. काम मात्र झालं. अशा बिशपांच्या नावापुढे ‘श्रद्धाहीनांच्या मुलखातला’ अशा अर्थाची लॅटिन शेपटी असे. ती १८८२ मध्ये पोप लिओ तेरावे यांनी बंद केली आणि ‘नामधारी बिशप’ हा साधा शब्द आणला. आजही कुठल्याही सहायक बिशपांच्या नावामागे असं एखादं ओसाड गाव असतं. मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशस, जे पुढे १९५३ मध्ये पहिले भारतीय कार्डिनल (पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांपैकी एक) झाले, ते १९४६ मध्ये सहायक बिशप झाले तेव्हा इजिप्तमधल्या थेन्नेसस या नामशेष शहराचे बिशप होते.

या युक्तीचा लाभ मिळालेला पहिला भारतीय आपल्या शेजारचाच. मातेउस द कास्त्रु, गोव्याच्या दिवाडी बेटावरचे, ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेल्या घराण्यातले. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा द्यायला नकार दिला. गडी खचला नाही, थेट रोमला पोचला. तिथे शिकून ते धर्मगुरू झाले आणि १६३७ मध्ये ख्रिसोपोलिसचे नामधारी बिशप झाले. काम मिळालं विजापूरच्या आदिलशाही मुलखाचं. त्यांनी ठाण मांडलं डिचोलीत. आज डिचोली गोव्यात आहे, तेव्हा ती आदिलशाहीत होती. म्हणजे पोर्तुगीज हद्दीच्या अगदी उंबरठ्यावर, गोव्याच्या आर्चबिशपांच्या नाकावर टिच्चून. पुढे त्यांचं आणि गोव्याच्या धर्मसत्तेचं जन्मभर वैर चाललं. ते १६७७ मध्ये रोममध्ये वारले. मला हा माणूस फार आवडतो. हट्टी होता, भांडखोर होता, त्याची सगळीच मतं पटण्यासारखी नाहीत, पण नामधारी पद हे हत्यार कसं होऊ शकतं ते त्याने दाखवलं.

इथे जरा आडवाटेला जातो. लिओ तेराव्यांनी १८८६ मध्ये गोव्याला पॅट्रिआर्क दिला (ते पुढे येईलच), त्याच्या तीनशे वर्षं आधीच गोव्यात एक पॅट्रिआर्क राहत होते, आणि तेही आपला मुलूख न पाहिलेले! पोर्तुगालच्या आग्रहावरून रोमने जेझुइट संघाचे धर्मगुरू जुवांव नुनिस बार्रेतु यांना इथिओपियाचे पॅट्रिआर्क नेमलं. ते गोव्यापर्यंत आले, पण पुढे इथिओपियाला जाणं जमलंच नाही, आणि १५६२ मध्ये गोव्यातच वारले. त्यांच्या तांड्याबरोबर १५५६ मध्ये एक छापखाना आला होता, तोही इथिओपियासाठी. पॅट्रिआर्क अडकले तसा छापखानाही अडकला, आणि भारतातला पहिला छापखाना गोव्यात सुरू झाला. त्यांच्या गादीवर पुढे आलेले आफोन्सो मेंदिश खरोखर इथिओपियात पोचले, पण तिथून हाकलले गेले आणि उरलेलं आयुष्य गोव्यातच काढून १६५६ मध्ये वारले. गादी एका खंडात आणि माणूस दुसऱ्या खंडात, हे गोव्याला नवं नव्हतं.

आता आपल्या वसई-मुंबईकडे येऊ, कारण पॅट्रिआर्कपदाची गाठ इथेच पडते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. पोर्तुगीज अंमल गेला. पण वसईचे ख्रिस्ती आणि त्यांचे धर्मगुरू गोव्याच्या आर्चबिशपांच्याच अखत्यारीत राहिले. राज्य मराठ्यांचं, धर्मसत्ता गोव्याची! मुंबईत मात्र इंग्रजांना हे चालणार नव्हतं. पोर्तुगालच्या राजाचा माणूस आपल्या बेटावरच्या लोकांवर हुकूम चालवतो हे त्यांना खुपत होतं. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना घालवलं आणि रोमच्या प्रोपगांडाचे कार्मेलाइट धर्मगुरू आणले. मग बरेच वर्षं घोळ चालला. १७९४ पासून मुंबईतल्या चर्च दोन गटांत वाटल्या गेल्या, काही गोव्याच्या, काही प्रोपगांडाच्या. एकाच शहरात, कधी एकाच गल्लीत, दोन कॅथलिक सत्ता. एका घरातल्या दोन भावांचे बाप्तिस्मे दोन वेगळ्या दफ्तरांत असू शकत.

१८३४ मध्ये पोर्तुगालने आपल्या मुलखातले धार्मिक संघ बंद केले आणि रोमशी संबंध तुटले. १८३८ मध्ये ग्रेगरी सोळावे यांनी ‘मुल्ता प्राएक्लारे’ हे पत्र काढून कोचीन, क्रांगानोर आणि मद्रासकडचं मैलापूर इथला पाद्रोआदोचा अधिकार काढून घेतला. गोव्याने ते मानलं नाही. पुढची पन्नास वर्षं भारतातल्या कॅथलिकांमध्ये जी भाऊबंदकी माजली तिला रोमचे लोक ‘गोव्याची फूट’ म्हणत. गोव्याच्या बाजूचे लोक ती फूट मानतच नसत. माहीमच्या सेंट मायकल चर्चची गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. १८५३ मध्ये तिच्या ताब्यावरून तंटा पेटला. मुंबईचा कारभार पाहणारे प्रोपगांडाचे बिशप आनास्तासियुस हार्टमन (हेही नामधारीच, बायबलमध्ये पौल जिथे गेला त्या दर्बे गावाचे) स्वतः जाऊन चर्चमध्ये बसले, आणि बाहेरून विरोधकांनी वेढा घातला. बिशप आत, भाविक बाहेर! शेवटी सरकारला मध्ये पडावं लागलं आणि चर्च पाद्रोआदोकडे गेली.

पोर्तुगालची ऐपत संपली होती, पण अभिमान संपला नव्हता. रोमला भारतात नीट धर्मप्रांतांची रचना करायची होती, पण पोर्तुगालला दुखवून ती होत नव्हती. १८५७ मध्ये एक करार झाला तो निभावला नाही. अखेर २३ जून १८८६ रोजी लिओ तेरावे आणि पोर्तुगालचा राजा लुईश यांच्यात नवा करार झाला, आणि १ सप्टेंबर १८८६ रोजी लिओंनी भारतभरच्या धर्मप्रांतांची रचना जाहीर केली. मुंबई महाधर्मप्रांत झाली ती तेव्हाच.

आता तराजू बघा. पोर्तुगालने सोडलं ते भारताच्या बहुतेक भागावरचा दावा. त्याला मिळालं ते असं: गोवा आणि त्याच्या हाताखालचे दमण, कोचीन व मैलापूर हे धर्मप्रांत पूर्वीसारखे राजाच्या पाद्रोआदोत राहिले. मुंबईसह आणखी चार ठिकाणी बिशप निवडताना राजाला तीन नावांतून एक सुचवायचा हक्क मिळाला. आणि गोव्याच्या आर्चबिशपांना ‘पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क’ ही सन्मानाची पदवी मिळाली. सोबत एक मान: पूर्व इंडीजच्या राष्ट्रीय धर्मसभा भरल्या तर त्यांचं अध्यक्षस्थान पॅट्रिआर्कांचं, आणि सभा शक्यतो गोव्यात.

माझं मत स्पष्ट आहे. हा सौदा होता. जमीन गेली, त्या बदल्यात पागोटं मिळालं. म्हणून ज्या वर्षी अधिकार आक्रसला त्याच वर्षी पदवी सर्वांत मोठी झाली. कुणी म्हणेल, मग हे पद पोकळच की! मी तसं म्हणत नाही. त्या पागोट्यामुळे पन्नास वर्षांचा तंटा मिटायची वाट मोकळी झाली, आणि रोमला भारतात माणसं नेमायचा मोकळा हात मिळाला. सन्मान देऊन भांडण मिटवणं हा काही कमी मोलाचा व्यवहार नव्हे. गावच्या पंचांना विचारा.

सगळ्यांनाच तो पटला असं नाही. पहिले पॅट्रिआर्क आंतोनियो सेबास्तियांव व्हालेंत यांच्या विरोधात गोव्यातच एक मोठा आवाज उठला: वेर्णे गावचे धर्मगुरू आंतोनियो फ्रान्सिस्को झेवियर आल्वारीस. ते पत्रकार होते. आपल्या वर्तमानपत्रांतून सरकार आणि धर्मसत्ता दोघांवर तोंडसुख घेत. त्यांना बहिष्कृत केलं गेलं. ते सीरियन ऑर्थोडॉक्स पंथात गेले आणि १८८९ मध्ये ‘मार ज्युलियस’ या नावाने बिशप झाले. करारामुळे सिलोनमधल्या ज्या पाद्रोआदोच्या चर्च प्रोपगांडाकडे गेल्या, तिथले नाराज लोक त्यांच्यामागे गेले. नंतर ते पणजीत गोरगरिबांची, आजाऱ्यांची सेवा करत राहिले. १९२३ मध्ये अतिसाराने वारले. त्यांची कबर रायबंदरला आहे, आणि ऑर्थोडॉक्स चर्च त्यांना संत मानते. पॅट्रिआर्कपदाच्या गोष्टीत हा माणूस क्वचितच येतो. मला वाटतं तो यायला हवा, कारण वरच्या माणसांच्या करारांची किंमत खालची माणसं कशी मोजतात ते त्याच्या आयुष्यात दिसतं.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, क्रांगानोर आणि दमण. क्रांगानोर म्हणजे केरळातलं कोडुंगल्लूर. संत थॉमस इ. स. ५२ मध्ये तिथे उतरले अशी परंपरा आहे. उदयंपेरूरच्या सभेनंतर केरळातल्या सेंट थॉमस ख्रिस्ती समाजाचं जुनं पीठ आधी गोव्याच्या हाताखाली गेलं, मग त्याला पुन्हा आर्चबिशपचा दर्जा मिळाला आणि त्याचं ठाणं कोडुंगल्लूरला आलं. १६६२ मध्ये डचांनी तिथला किल्ला घेतला आणि पीठ पोरकं झालं. या गादीवरची सगळ्यात चटका लावणारी आठवण जोसेफ करियाट्टिल यांची. ते केरळातले, तिथल्याच समाजातले. हक्क मागायला लिस्बन-रोमपर्यंत गेले. तिथे क्रांगानोरचे आर्चबिशप म्हणून त्यांना अभिषेक झाला. परतीच्या वाटेवर गोव्याला उतरले आणि सप्टेंबर १७८६ मध्ये तिथेच वारले. आपल्या गादीवर ते एक दिवसही बसले नाहीत.

१८८६ च्या करारात हे पीठ कायमचं मोडलं. पण नाव टाकवेना! मग नव्याने काढलेल्या दमणच्या बिशपांना ‘क्रांगानोरचे आर्चबिशप’ ही सन्मानाची पदवी जोडून दिली. दमणच्या या धर्मप्रांतात दमण-दीव हे पोर्तुगीज तुकडे तर होतेच, शिवाय ब्रिटिश हद्दीतल्या साष्टी, वसई भागातल्या आणि मुंबईतल्या पाद्रोआदोच्या चर्चही होत्या. म्हणून तुमच्या आजोबांच्या कागदावर दमण आणि क्रांगानोर दोन्ही आलं. केरळातलं गाव, गुजरातच्या किनाऱ्यावरचं बिशपपद आणि वसईतलं बाळ, तिघांची गाठ लिस्बन-रोमच्या एका कराराने मारली.

ती गाठ १९२८ मध्ये सुटली. त्या वर्षी १५ एप्रिलला रोम आणि पोर्तुगाल यांच्यात नवा करार झाला आणि १ मे रोजी दमणचा धर्मप्रांत मोडला. मुंबईतली दुहेरी सत्ता संपली. वसई, साष्टी मुंबईकडे आल्या. दमण-दीव गोव्याला जोडले गेले आणि गोव्याच्या आर्चबिशपांचं नाव ‘गोवा आणि दमण’ झालं. क्रांगानोरची पदवीही त्यांच्याचकडे आली. मुंबईत पोर्तुगीज आणि ब्रिटिश आर्चबिशप आळीपाळीने नेमायचं ठरलं. आधी जोआकिम लिमा, मग थॉमस रॉबर्ट्स. रॉबर्ट्स यांनी भारतीय माणसासाठी जागा मोकळी करायची म्हणून ग्रेशस यांना सहायक बिशप करून घेतलं आणि स्वतः शहर सोडलं. १९५० मध्ये पोर्तुगालने स्वतंत्र भारतातला हा आपला विशेष हक्क सोडला, आणि त्याच वर्षी ग्रेशस आर्चबिशप झाले. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत व्हायला मात्र १९९८ उजाडलं. म्हणजे तुमच्या गावातलं एखादं घर जागचं न हलता गोवा, दमण, मुंबई आणि वसई अशा चार धर्मप्रांतांत राहून आलंय.

एक गैरसमज इथेच दूर करतो, कारण तो मला दर वर्षी भेटतो. ‘पूर्व इंडीजचे पॅट्रिआर्क’ आणि मुंबईचा ‘ईस्ट इंडियन’ समाज यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. ईस्ट इंडियन हे नाव मुंबई-साष्टी-वसईच्या इथल्याच ख्रिस्ती लोकांनी १८८७ मध्ये घेतलं, गोव्याहून आणि मंगळूरहून आलेल्यांपासून आपण वेगळे आहोत हे सांगायला. वर्षं जवळजवळची, शब्दही तोच, पण गोष्टी वेगळ्या. पॅट्रिआर्कांचं ‘पूर्व इंडीज’ म्हणजे जुन्या दर्यावर्दींच्या बोलीतला पूर्वेकडचा अख्खा मुलूख.

आता त्या मानाचं काय झालं ते ऐका, राष्ट्रीय धर्मसभेच्या अध्यक्षपदाचं. भारतभरच्या बिशपांची पहिली सर्वसाधारण धर्मसभा जानेवारी १९५० मध्ये भरली. कुठे? बंगळुरात. अध्यक्ष कोण? पोपचे प्रतिनिधी म्हणून आलेले सिडनीचे कार्डिनल गिलरॉय. गोव्यात सभा भरली नाही, पॅट्रिआर्क अध्यक्ष झाले नाहीत. एवढं सांगितलं की आणखी स्पष्टीकरणाची गरज पडत नाही.

गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. तेव्हा पॅट्रिआर्क होते जुझे व्हिएरा आल्वेर्नाझ, अझोर्स बेटांवरचे. १९६२ मध्ये ते गोवा सोडून गेले ते परतलेच नाहीत. पण गादी सोडली नव्हती, राजीनामा आला १९७५ मध्ये, पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात मान्य केल्यानंतर. मधली तेरा वर्षं गोव्याचा कारभार रोमने नेमलेल्या प्रशासकांनी पाहिला, पहिली दहाएक वर्षं फ्रान्सिस्को झेवियर दा पिएदादे रिबेलो यांनी. पॅट्रिआर्क अटलांटिक महासागरात, धर्मप्रांत मांडवीच्या काठी! बार्रेतु आणि मेंदिश यांची आठवण झाली ना?

१९७६ पासून रोमने गोव्याला थेट आपल्या अखत्यारीत घेतलं. म्हणजे पूर्व इंडीजच्या पॅट्रिआर्कांच्या हाताखाली एकही धर्मप्रांत उरला नाही. १९७८ मध्ये राउल गोन्साल्विस आर्चबिशप झाले, या गादीवरचे पहिले गोमंतकीय पॅट्रिआर्क. त्यांच्यानंतर २००४ पासून हळदोण्याचे फिलिप नेरी फेर्रांव. २००५ मध्ये पुण्याच्या धर्मप्रांतातून सिंधुदुर्गचा नवा धर्मप्रांत निघाला आणि २००६ मध्ये तो गोव्याला जोडून गोव्याला पुन्हा हाताखालचा प्रांत मिळाला. केपपासून चीनपर्यंतच्या पसाऱ्यातून आज पॅट्रिआर्कांच्या हाताखाली उरलाय तो आपला सावंतवाडीकडचा भाग. मला यात खंत वाटत नाही. उलट शेजाऱ्याशी जुनं नातं नव्याने जुळलं असं वाटतं, कारण सावंतवाडीचे ख्रिस्ती पूर्वीही गोव्याच्याच दफ्तरात होते.

कायद्याचं म्हणाल तर १९८३ च्या चर्चच्या विधिसंहितेतलं ४३८ वं कलम सरळ आहे: लॅटिन चर्चमध्ये, म्हणजे रोमची उपासनापद्धत पाळणाऱ्या कॅथलिकांत, पॅट्रिआर्क आणि प्रायमेट या पदव्या मानाच्या आहेत, त्यांना शासनाचा अधिकार नाही, खास सवलत किंवा मान्य झालेली रूढी असेल तर गोष्ट वेगळी. व्हेनिसला १४५१ पासून पॅट्रिआर्क आहेत, लिस्बनला १७१६ पासून; त्यांचीही तीच गत. याहून नामधारी पद बघायचं असेल तर स्पेनच्या ‘पश्चिम इंडीजच्या पॅट्रिआर्क’पदाकडे बघा. १५२४ मध्ये राजाच्या मागणीवरून ते काढलं आणि त्या पॅट्रिआर्कांनी इंडीजमध्ये राहायचं नाही अशी अट घातली. पुढे ते राजदरबारच्या मुख्य धर्मगुरूचं शोभेचं पद झालं. १९६३ मध्ये शेवटचे पॅट्रिआर्क वारले, नंतर कुणाला नेमलंच नाही. कॉन्स्टँटिनोपल, अलेक्झांड्रिया आणि अँटिओक इथली लॅटिन पॅट्रिआर्कपदं रोमने १९६४ मध्ये मोडूनच टाकली. गोव्याचं टिकलं, कारण त्याच्यामागे खरा, माणसांनी भरलेला महाधर्मप्रांत होता.

आणि गंमत अशी की भारतात खऱ्या पॅट्रिआर्कसारखा अधिकार असलेले दोन धर्मप्रमुख आहेत, पण त्यांची पदवी पॅट्रिआर्क नाही. केरळातल्या सिरो-मलबार आणि सिरो-मलंकरा चर्चचे ‘मेजर आर्चबिशप’. पौर्वात्य चर्चच्या, म्हणजे पोपला मानणाऱ्या पण पूर्वेकडची उपासनापद्धत पाळणाऱ्या चर्चच्या, कायद्याने त्यांना पॅट्रिआर्कच्या जवळपास सगळे अधिकार आहेत. गोव्याकडे नाव आहे, केरळाकडे काम आहे. फेर्रांव २०२२ मध्ये कार्डिनल झाले तेव्हाही हा भेद दिसला. पौर्वात्य पॅट्रिआर्क कार्डिनल झाले तर त्यांना कार्डिनलांतल्या सर्वोच्च श्रेणीत, कार्डिनल-बिशप म्हणून बसवतात. फेर्रांव यांना मात्र इतर आर्चबिशपांसारखं कार्डिनल-प्रीस्ट केलं. अर्थात कार्डिनलपदाचा अधिकार खरा असतो: मे २०२५ मध्ये पोप निवडायला जे चार भारतीय कार्डिनल बसले त्यांत ते होते. पोप निवडायचा हक्क त्यांना मिळाला तो कार्डिनल म्हणून. पॅट्रिआर्क म्हणून मिळाला नव्हता.

आता स्मरणिका. १८८६ च्या आधीच्या घटनेत ‘पॅट्रिआर्क’ छापू नका. तेव्हाचे फक्त ‘गोव्याचे आर्चबिशप’. अशी चूक मी चांगल्या जाड स्मरणिकांमध्ये पाहिलीय, सतराव्या शतकातल्या माणसाला पॅट्रिआर्क केलेलं. १८८६ ते १९२८ मधल्या तुमच्या कागदांवर बिशप दमणचे असतील, आणि ‘क्रांगानोरचे आर्चबिशप’ हे त्यांचं मानाचं नाव. कंसात ‘केरळातलं कोडुंगल्लूर’ एवढं द्या, वाचकाला पुरे. १९२८ नंतर वसईच्या संदर्भात पॅट्रिआर्क आले तर ते पाहुणे म्हणून आलेले असतील, अधिकारी म्हणून नव्हे. आजोबांचा दाखला शोधताय तर धर्मग्रामाच्या पुस्तकातल्या मूळ नोंदीपासून सुरुवात करा. पुस्तक पोर्तुगीजमध्ये असेल, तारखा अक्षरी लिहिलेल्या असतील, आणि आडनावापेक्षा गॉडफादर-गॉडमदरचं नाव जास्त उपयोगी पडेल. सध्याच्या पॅट्रिआर्कांना शुभेच्छापत्र मागायचं असेल तर पाकिटावर ‘कार्डिनल फिलिप नेरी फेर्रांव, गोवा आणि दमणचे आर्चबिशप’ एवढं लिहिलं तरी पुरतं.